चेहरा आणि चावा
(नभोवाणीवरून दिलेलें भाषण)



पुणें जिल्ह्याच्या खेड तालुक्यांत, चाकणच्या औद्योगिक वसाहतीला लागून, निघोजे नांवाचें गांव आहे. पूर्वीं शेतीवर जगणाऱ्या या गांवाच्या शिवारांत आज मोटारींचे कारखाने उभे आहेत. पाळी सुटली कीं कामगारांनीं भरलेल्या गाड्या तेथून चोहोंकडे धांवूं लागतात. या गांवच्या एक आजी एके दिवशीं आपल्या नातीला घेऊन माझ्याकडे आल्या. मुलगी तेरा वर्षांची होती. तिच्या आड तिचा सात वर्षांचा धाकटा भाऊ तोंडांत अंगठा घालून उभा होता. मुलीला मीं खुर्चींत बसविलें, परंतु तिचें तोंड तपासण्यापूर्वींच आजी म्हणाल्या, “डाक्तरसाहेब, दातांचं ऱ्हाऊ द्या. पोरीचं तोंड नीट दिसंल का, तेवढं सांगा. उद्या स्थळं बघायची हायेत.”

दांतांच्या वैद्याला इतका सरळ प्रश्न क्वचितच कोणी विचारतो. बहुतेक आईबाप बोलतात दांतांविषयीं, आणि मनांत मात्र चेहऱ्याचा विचार करीत असतात. वांकड्या दांतांना तारा लावल्या तर चेहरा बदलतो काय, किती बदलतो, आणि कोणत्या वयांत बदलतो, हा तो प्रश्न. आज मी आपणांपुढें बोलत आहें तो आजींच्या या प्रश्नाचें उत्तर देण्यासाठीं.

प्रथम त्या मुलीची व्यथा काय होती तें सांगतों. आपण आतां आपल्या दाढा एकमेकींवर टेकवून पाहाव्या. वरचे पटाशीचे दांत खालच्या दांतांच्या किंचित् पुढें येऊन त्यांचा थोडा भाग झांकतात. कांहीं मुलांमध्यें दाढा पूर्ण मिटल्या तरी पुढचे दांत एकमेकांपर्यंत पोंचत नाहींत. मध्यें फट राहते, आणि त्या फटींतून जिभेचें टोक दिसतें. या स्थितीला डॉक्टर लोक ‘ओपन बाइट’ म्हणतात. आपण तिला उघडा चावा म्हणूं.

अशा मुलाला भाकरीचा तुकडा पुढच्या दांतांनीं तोडतां येत नाहीं. पेरू बाजूच्या दांतांनीं चावावा लागतो. उंसाचें कांडें सोलावयाचें तर मान वांकडी करावी लागते. ‘साखर’ म्हणतांना जीभ फटींत शिरते व ‘स’ बोबडा होतो. कित्येकांचे ओठ सहजपणें मिटत नाहींत. ते मिटवावयाचे तर हनुवटीचा स्नायु ताणावा लागतो, आणि मग हनुवटीवर संत्र्याच्या सालीसारखे बारीक खळगे उमटतात. वर्गांतील मुलें हें सारें पाहत असतात, आणि पाहिलेलें बोलून दाखविल्यावांचून मुलांना राहवत नाहीं. आजींची नात मधल्या सुट्टींत डबा घेऊन एकटीच बसत असे, हें मला पुढें समजलें.

उघडा चावा दोन प्रकारचा असतो, आणि आजींच्या प्रश्नाचें उत्तर या भेदांतच आहे. पहिल्या प्रकारांत जबड्यांची ठेवण ठीक असते. केवळ पुढचे दांत कशाच्या तरी अडथळ्यानें पुरते बाहेर येत नाहींत. हा अडथळा म्हणजे बहुधा मुलाचा स्वतःचा अंगठा, किंवा गिळतांना पुढें येणारी जीभ. दुसऱ्या प्रकारांत दोष हाडांच्या वाढींतच असतो. खालचा जबडा पुढें वाढण्याऐवजीं खालीं व मागें कलत जातो, मागच्या दाढा प्रमाणाबाहेर वर येतात, आणि चेहरा लांबट होतो. चित्रकार चेहऱ्याचे तीन समान भाग कल्पितात: केसांच्या रेषेपासून भुंवयांपर्यंत एक, भुंवयांपासून नाकाच्या तळापर्यंत दुसरा, आणि तेथून हनुवटीपर्यंत तिसरा. या मुलांमध्यें तिसरा भाग इतर दोहोंहून लांब असतो. अर्थात् पुष्कळ मुलांत दोन्ही प्रकारांची भेसळ आढळते.

हे दोन प्रकार नुसत्या डोळ्यांनीं नेहमींच ओळखूं येत नाहींत. १९३१ सालीं अमेरिकेंत ब्रॉडबेंट यांनीं आणि जर्मनींत होफ्राथ यांनीं, एकमेकांपासून स्वतंत्रपणें, डोकें एका ठराविक चौकटींत स्थिर ठेवून बाजूनें क्ष-किरण चित्र घेण्याची पद्धति प्रसिद्ध केली. त्या चित्रावर कवटीच्या तळाची एक रेषा व खालच्या जबड्याची एक रेषा काढतात. या दोन रेषांमधील कोन सर्वसाधारणपणें ३२ अंशांच्या आसपास असतो. तो बराच वाढलेला दिसला कीं समजावें, येथें दोष हाडांच्या वाढींत आहे. आजींच्या नातीचा कोन असाच मोठा होता.

हाडांची वाढ अशी कशी बिघडते? घराण्याची ठेवण हें एक कारण आहेच. परंतु हळूहळू व सतत पडणारी ओढ हाडाला किती वळवूं शकते, याचें एक जुनें उदाहरण सांगतों. १८४९ सालीं सायमन हलिहेन या अमेरिकन शस्त्रवैद्यानें एका रुग्णाची हकीकत प्रसिद्ध केली. व्हीलिंग येथें त्याच्याकडे वीस वर्षांची एक तरुणी आली होती. लहानपणीं तिची मान व छाती भाजली होती. भाजल्याचा व्रण आकसत गेला आणि त्यानें तिचा खालचा ओठ व जबडा वर्षानुवर्षें खालीं ओढून धरला. त्या ओढीखालीं वाढतांना जबड्याचा पुढचा भाग लांबला आणि पुढचे दांत वरच्या दांतांपासून दूर गेले. हलिहेननें हाडाचा कांहीं भाग कापून काढला व जबडा मागें बसविला. जबड्याची ठेवण सुधारण्याच्या शस्त्रक्रियांच्या इतिहासांत ही पहिली शस्त्रक्रिया मानली जाते, आणि ती उघड्या चाव्याच्याच एका तरुण मुलीवर झाली, ही गोष्ट ध्यानांत ठेवण्याजोगी आहे.

आपल्या मुलांची मान भाजलेली नसते. पण लहानशी ओढ त्यांच्याही जबड्यावर पडत असते. नाक सदैव चोंदलेलें असलें, नाकामागच्या गांठी ज्यांना अ‍ॅडेनॉइड्स म्हणतात त्या फुगलेल्या असल्या, कीं मूल तोंडानें श्वास घेऊं लागतें. तोंड उघडें राहिलें कीं जबडा लोंबतो, जीभ टाळूचा आधार सोडून खालीं पडते, आणि दाढांवरचा दाब हटल्यामुळें त्यांना वर येण्यास मोकळीक मिळते. अंगठा चोखण्याचेंही तसेंच. येथें जोरापेक्षां वेळाला महत्त्व अधिक. दिवसांतून घटकाभर जोरानें चोखणाऱ्या मुलापेक्षां रात्रभर हळूच अंगठा तोंडांत धरून निजणाऱ्या मुलाच्या दांतांचें नुकसान जास्त होतें.

आतां उपचारांकडे वळूं. परंतु त्याआधीं माझी स्वतःची एक चूक सांगणें मला आवश्यक वाटतें, कारण आजींना मीं जें उत्तर दिलें तें त्या चुकीनेंच मला शिकविलें.

माझ्या व्यवसायाच्या आरंभींच्या वर्षांत उघड्या चाव्याचा एक पंधरा वर्षांचा मुलगा माझ्याकडे आला. चेहरा लांबट, ओठ न मिटणारे. मीं त्याच्या दांतांना तारा लावल्या, वरच्या व खालच्या दांतांमध्यें रबराचीं वळीं अडकविलीं, आणि त्याच्या वडिलांना मोठ्या उत्साहानें सांगितलें, “दांत मिटले कीं चेहराही सुधारेल.” दीड वर्षांत दांत मिटले. चेहरा मात्र होता तसाच राहिला. जबडा जागचा हललाच नव्हता. रबरांनीं पुढचे दांत तेवढे ओढून एकमेकांजवळ आणले होते. वरचे दांत खालीं उतरल्यामुळें मुलगा हांसला कीं हिरड्या पूर्वीपेक्षां अधिक दिसूं लागल्या. त्याच्या नाकाकडे आणि जिभेच्या संवयीकडे मीं लक्ष दिलें नव्हतें. दोन वर्षांनीं भेटला तेव्हां फट पुन्हां पडूं लागली होती. वडिलांनीं मला बोल लावला नाहीं. “दांत मिटले होते, डॉक्टर,” एवढेंच ते म्हणाले. तें वाक्य अजून माझ्या कानांत आहे.

फट पुन्हां पडणें ही कांहीं माझ्या एकट्याच्याच वांट्याला आलेली गोष्ट नव्हे. १९८५ सालीं अमेरिकेंतील सिअ‍ॅटल येथील संशोधकांनीं तारांनीं उपचार झालेल्या ४१ रुग्णांची तपासणी प्रसिद्ध केली. उपचारानंतर दांत धरून ठेवण्याचा काळ संपून त्यांना दहा वर्षें झालीं होतीं. शेंकडा ३५ हून अधिक रुग्णांत तीन मिलिमीटर किंवा त्याहून मोठी फट आढळली. दांतांना कारण ठाऊक असतें. आपण तें दूर केलें नाहीं तर ते आपल्या जुन्या जागीं परत जातात.

फट मिटविण्याचे मार्ग अनेक आहेत, आणि प्रत्येकाचा चेहऱ्यावरचा परिणाम निराळा आहे. पहिला मार्ग पुढचे दांत ओढून जवळ आणण्याचा. यानें चेहऱ्याची उंची बदलत नाहीं. ज्यांचे वरचे दांत हांसतांना दिसतच नाहींत, त्यांचें हंसूं मात्र यानें खुलतें. ज्यांच्या हिरड्या आधींच दिसतात, त्यांनीं या मार्गानें जाऊं नये.

दुसरा मार्ग सुळ्यांच्या मागच्या चार लहान दाढा काढून त्या जागेंत पुढचे दांत मागें कलविण्याचा. दांत मागें कलले कीं त्यांचीं टोकें आपोआप जवळ येतात, आणि ओठही थोडे मागें सरकतात. ज्यांचे दांत व ओठ पुढें आलेले आहेत, त्यांना हें शोभून दिसतें. त्यांचे ओठ सुखानें मिटूं लागतात. परंतु ज्यांचे ओठ मुळांतच सपाट आहेत, त्यांचें तोंड यानें बसकें दिसण्याचा संभव असतो. दाढा काढाव्या कीं नाहीं याचा निर्णय म्हणून फटीकडे पाहून करावयाचा नसतो. ओठांकडे पाहून करावयाचा असतो.

तिसरा मार्ग दाढा आंत दाबण्याचा. हा समजण्यासाठीं आपल्या घरांतील अडकित्ता डोळ्यांपुढें आणा. सांध्याजवळ सुपारीची एखादी चिमुकली कपची अडकली तर पुढचीं टोकें केवढीं तरी दूर राहतात. ती कपची काढली कीं टोकें मिटतात. जबड्याचा सांधा कानापुढें आहे, आणि वर आलेल्या दाढा म्हणजे ती कपची. दाढा एक मिलिमीटर आंत गेल्या तर पुढची फट सुमारें दोन ते तीन मिलिमीटर मिटते. आणि यांत मिटतो तो जबडा. म्हणून हनुवटी वर व किंचित् पुढें येते, चेहऱ्याचा खालचा भाग थोडा आंखूड होतो, आणि ओठ ताणल्यावांचून एकमेकांना भेटतात. चेहऱ्यावर खरा परिणाम होतो तो या मार्गानें. दाढा आंत दाबावयास भक्कम आधार हवा, आणि पूर्वीं तोच मिळत नसे. १९९९ सालीं जपानमधील सेंदाई येथील डॉक्टरांनीं जबड्याच्या हाडावर टायटेनियमच्या लहान पट्ट्या बसवून त्यांच्या आधारें दाढा दाबून दाखविल्या. आज हेंच काम पुष्कळदां हाडांत बसविलेल्या बारीक स्क्रूंनीं होतें.

हाडांचा दोष फारच मोठा असेल तर मात्र शस्त्रक्रियेवांचून गत्यंतर नसतें. वरचा जबडा कापून तो वर बसवितात, आणि मग खालचा जबडा आपोआप मिटतो. चेहऱ्यांत सर्वांत मोठा बदल यानेंच होतो. परंतु वाढ पुरी होईपर्यंत, म्हणजे मुलींत सोळा-सतरा व मुलांत अठरा वर्षें पुरीं होईपर्यंत, तिच्यासाठीं थांबावें लागतें.

हें सारें ठाऊक असल्यामुळें आजींना मीं सांगितलें, “आजी, पोरीचें नाक, डोळे, गालांची ठेवण आहे तशीच राहणार. हनुवटी थोडी वर येईल. ओठ मिटतील. दांतांनीं चावतां येईल. याहून अधिक मी कबूल करीत नाहीं.” आजी कांहीं वेळ गप्प बसल्या. मला वाटलें, त्या उठून जातील. परंतु मुलगीच म्हणाली, “व्हट मिटतील ना? मग करा.”

तिला आधीं मीं नाक-कान-घशाच्या डॉक्टरांकडे पाठविलें. नाकाचा उपचार चालू झाला, नंतर तारा बसल्या, नंतर स्क्रू. जिभेनें गिळण्याची योग्य रीत तिला पुन्हां शिकावी लागली. तिचे वडील कारखान्यांत पाळीवर काम करीत. दर महिन्याच्या खेपेसाठीं त्यांना कधीं पाळी बदलून घ्यावी लागे, कधीं एका दिवसाची मजुरी बुडे. उपचाराला सव्वादोन वर्षें लागलीं. त्या घरानें ही खेप एकदांही चुकविली नाहीं, हें श्रेय माझें नव्हे.

तारा काढल्या त्या दिवशीं मीं आधींचें व आतांचें अशीं बाजूनें घेतलेलीं दोन छायाचित्रें आजींपुढें ठेवलीं. त्यांनीं चष्मा सांवरून बराच वेळ पाहिलें. “तोंड तेच हाये की,” त्या म्हणाल्या, आणि मग थोड्या वेळानें, “पण आता व्हट मिटत्यात. हनुवटीवरचं खड्डं गेलं.” मापांत पाहिलें तर हनुवटी दोनतीन मिलिमीटर वर आली होती. मुलीला मापांशीं कर्तव्य नव्हतें. ती म्हणाली, “आता मी डबा सगळ्यांत बसून खाते.” तिला रात्रीं रिटेनर घालावयास सांगितला आहे, आणि तो पुष्कळ वर्षें घालावा लागेल हेंही सांगितलें आहे.

आणि तो धाकटा भाऊ? त्याला एकही तार लागली नाहीं. तोही उघड्या चाव्याच्या वाटेवर होता. पण त्याच्या जबड्यांत दोष नव्हता, दोष अंगठ्यांत होता. मीं आजींना अंगठ्याला कोरफड फांसूं नका व पोराला चारचौघांत लाजवूं नका, असें सांगितलें; कारण धाकानें पुष्कळ मुलें दिवसा अंगठा सोडतात आणि रात्रीं पांघरुणांत पुन्हां धरतात. अंगठा कां सोडावयाचा तें मीं त्यालाच आरशांत त्याचे दांत दाखवून समजावलें. निजतांना अंगठ्याला कापडाची पट्टी बांधावयाची, आणि कोरड्या रात्रीची खूण दिनदर्शिकेवर त्यानें स्वतः करावयाची, असें ठरलें. चार महिन्यांत संवय सुटली. पुढचे कायमचे दांत येतच होते. अंगठ्याची आडकाठी गेल्यावर वर्षभरांत ते एकमेकांवर येऊन बसले. थोरल्या बहिणीला ज्यासाठीं सव्वादोन वर्षें लागलीं, तें धाकट्याला एका चिंधींत मिळालें. त्याचा चेहरा बदलला नाहीं. तो बिघडावयाचा टळला.

म्हणून आईबापांना माझें सांगणें आहे. तीनचार वर्षांपर्यंत मूल अंगठा चोखीत असेल तर घाबरूं नका. पुढचे कायमचे दांत सहासात वर्षांच्या सुमारास येतात. तोंवर ही संवय सुटली पाहिजे. मूल निजलें असतां त्याच्या उशाशीं जाऊन पाहा. तोंड उघडें आहे काय? घोरतें काय? असें रोज होत असेल तर दांतांच्या आधीं नाक दाखवा. सातव्या वर्षीं एकदां तरी मुलाचा चावा तज्ज्ञाला दाखवावा. २०१३ सालीं पालघर येथून सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचें पथक अंगणवाडींत वर्षांतून दोनदां व शाळेंत एकदां येतें. त्या डॉक्टरांना मुलाचे दांत मिटवून दाखवावयास सांगण्याला पैसा लागत नाहीं. या पट्ट्यांतील लोकांना पिंपरीचें डॉ. डी. वाय. पाटील दंत महाविद्यालय जवळ आहे. अशा महाविद्यालयांतून या विषयाचा स्वतंत्र विभाग असतो. आणि ज्याच्या हातीं मुलाचा जबडा द्यावयाचा, तो या विषयांतील एम. डी. एस. पदवी मिळविलेला आहे काय, हें विचारण्यांत संकोच मानूं नये.

त्याला आणखी एक प्रश्न विचारा, तो आजींचाच: चेहरा किती बदलेल? जो डॉक्टर क्ष-किरण चित्र पाहण्यापूर्वींच भरघोस वचन देईल, त्याच्या उत्साहाला जपून असा. मीही एकदां तसें वचन दिलें होतें.

आजींच्या नातीला स्थळें येतील तेव्हां येतील. गेल्या महिन्यांत ती रिटेनर दाखवावयास आली तेव्हां पिशवींत उंसाचीं दोन कांडीं घेऊन आली होती. त्यांतलें एक तिनें माझ्या टेबलावर ठेवलें आणि दुसरें माझ्यासमोरच, मान सरळ ठेवून, पुढच्या दांतांनीं सोललें.